वीस स्पोकांची बचत

श्रीरामपूर जिल्हा कधी होईल ते सरकार जाणे. संगमनेर, शिर्डी आणि आपण अशी ती जुनी चुरस आहे आणि तिच्यात कोण पुढे, हे दर निवडणुकीला नव्याने ठरते. दुसऱ्या एका बाबतीत मात्र आपण कोणाच्याही मंजुरीची वाट न पाहता थेट युरोपच्या पंगतीला जाऊन बसलो आहोत, आणि त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही. गावातल्या जाणत्या, मिळवत्या आणि रविवारी पहाटे पाचला उठणाऱ्या मंडळींनी आपल्या सायकलींच्या चाकांतले स्पोक कमी केले आहेत. पुढच्या चाकात २०, मागच्या चाकात २४. काहींची मजल १६ आणि २०पर्यंत गेली आहे. कोणतेही अनुदान न घेता, कोणतीही समिती न नेमता झालेल्या या सुधारणेचे चार शब्दांत का होईना, जाहीर कौतुक व्हायला हवे.

सुधारणेची उंची मोजायची तर आधी आपण कोणत्या खड्ड्यात होतो ते पाहिले पाहिजे. वाडवडिलांची ती काळी, उंच, दणकट सायकल आठवा. हर्क्युलिस असो, अॅटलस असो की हिरो. पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० स्पोक, ही इंग्लंडहून आलेली रीत आपल्या कारखानदारांनी इमानाने पुढे चालवली. एका सायकलला ७२ तारा. या तारांच्या भरवशावर माणसे काय वाटेल ते करत. हरेगावच्या बेलापूर कंपनीत नाहीतर टिळकनगरला पाळीवर निघालेला कामगार पुढच्या दांडीवर पोरगा आणि मागे कॅरिअरवर कारभारीण घेऊन जाई. गवळी दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवी. गिरणीला गव्हाचे पोते जाई, येताना पिठाचे येई. वजन पाहून चाक निवडायचे आणि रस्ता पाहून वजन लादायचे, असा तो अडाणी व्यवहार होता.

त्या चाकाला प्रतिष्ठा कशी ती नव्हतीच. एखादी तार तुटली तरी मालकाला आठवडा-आठवडा पत्ता लागत नसे. उरलेल्या ३९ तारा काही बोलत नसत आणि चाक फिरत राही. मोडल्यावर मालकाला कळतही नाही, अशा वस्तूला समाजात मान मिळावा तरी कसा? आजच्या २४ स्पोकांच्या चाकाचे तसे नाही. एक तार गेली, की मालकाला कळते, शेजारून जाणाऱ्याला कळते आणि पुढच्या पाच मिनिटांत ग्रुपवर फोटो पडल्याने गावाला कळते.

आता बचतीचा हिशेब. बऱ्यापैकी प्रतीचा स्टीलचा स्पोक साधारण ६ ग्रॅमचा असतो आणि त्याचे पितळी निपल एखाद्या ग्रॅमचे. दोन्ही चाकांत ३२-३२ घालण्याऐवजी २० आणि २४ घातले, की २० स्पोक वाचले. म्हणजे १४० ग्रॅम. वजनकाट्यावर ठेवून पाहिले तर हा आकडा लहान वाटेल, पण त्यासाठी मोजलेली रक्कम शेजारी ठेवली की तो चांगलाच भारदस्त होतो.

कुत्सित लोक प्रत्येक गावात असतात, आपल्याकडेही आहेत. ते म्हणतात, स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून १०० किलो भरत असतील तर १४० ग्रॅम म्हणजे शेकडा ०.१४ झाले, तासभराचा उभा घाट चढलात तर पाच सेकंद वाचतील. आणि घाट आहे कुठे? गोदावरी आणि प्रवरा यांच्या मधली आपली जमीन पोळपाटासारखी सपाट. चढ म्हणावा तर कालव्यावरच्या पुलाचा, तोही पेडल न मारता पार होतो. हा युक्तिवाद फारच संकुचित आहे. आज घाट नाही म्हणून उद्या येणारच नाही असे थोडेच आहे? शिवाय पाच सेकंद हा काळ क्षुल्लक मानणाऱ्यांनी रेल्वे फाटक पडायच्या क्षणी दुचाकी आत घालणारी माणसे पाहिलेली दिसत नाहीत.

या चळवळीतले एक अग्रणी व्यापारी गृहस्थ ९२ किलोचे आहेत. त्यांना डॉक्टरांनी सहा महिन्यांत वजन कमी करायला सांगितले. कशाचे, ते सांगितले नाही. गृहस्थांनी वेळ न दवडता दुसऱ्याच दिवशी चाकांपासून सुरुवात केली. वैद्यकीय सल्ल्याचे इतके तत्पर पालन आपल्या गावात क्वचितच झाले असेल.

फिरत्या वजनाचा मुद्दाही ही मंडळी आवर्जून सांगतात. चाकातला एक ग्रॅम म्हणजे सायकलीवरचे दोन ग्रॅम, असे सूत्र आहे. रिमच्या आणि टायरच्या बाबतीत, वेग वाढवतानापुरते, ते खरेही आहे. स्पोकाचे वजन मात्र हबपासून रिमपर्यंत पसरलेले असते, त्यामुळे त्याच्या ग्रॅमला दोनाचा नव्हे, सव्वा ते दीड यांच्या मधलाच भाव मिळतो. अकरावीच्या पदार्थविज्ञानात हे शिकवतात. पण अकरावीचे पदार्थविज्ञान आयुष्यभर उराशी धरून बसणाऱ्या माणसाच्या हातून कोणती मोठी खरेदी होणार?

राहिला वारा. चाकाचा माथा सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो, त्यामुळे वरचे स्पोक हवा जोराने कापतात. स्पोक कमी तर अडथळा कमी. हे शास्त्र निर्विवाद आहे. हवेशी झगडायला लागणारी ताकद मात्र वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्याला जे मिळते, त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा ताशी २५ने जाणाऱ्याच्या पदरात पडतो. आपला रविवारचा ताफा, मिसळीचा थांबा धरून, कितीने जातो ते सांगणे शिष्टाचाराला सोडून होईल. एवढेच म्हणू, की वाऱ्यालाही या मंडळींचा फारसा त्रास होत नाही.

तारेच्या चाकाची खुबी मुळात मोठी गमतीची आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकात खालचा आरा ओझ्याखाली दाबला जातो आणि खांबासारखा उभा राहतो. सायकलीची तार दाबली तर वाकेल. म्हणून ती आधीच ताणून बसवतात, मागच्या चाकाच्या चेनकडच्या बाजूला तर १०० किलो किंवा त्याहून जास्त ताणाने. स्वार बसला, की जमिनीलगतच्या मोजक्या तारांचा ताण थोडा उतरतो. चाक पुढे सरकले, की तो परत येतो आणि पाळी पुढच्या तारांची. फिरकीगणिक एकदा उतरायचे, एकदा चढायचे. अमेरिकन अभियंते जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१मध्ये चाकावर आख्खे पुस्तक लिहिले, त्यात हे सगळे मांडलेले आहे. रोड सायकलीच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर, म्हणजे किलोमीटरला ४७५ फिरक्या. शंभर किलोमीटरच्या फेरीत प्रत्येक तारेला ४७ हजारांवर वेळा हे करावे लागते. तार एका धक्क्याने सहसा तुटत नाही, ती थकते. हबच्या कडेला जिथे तिला कोपरासारखा वाक असतो तिथे बारीक चीर पडते, आणि एक दिवस, बहुधा सरळ सपाट रस्त्यावर, कोणाचेही काही चुकलेले नसताना ती जाते.

स्पोक कमी केल्याने स्वाराचे वजन कमी होत नाही हे ओघाने आलेच. ते उरलेल्या तारांत वाटले जाते. सरकारी भाषेत याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. पूर्वी जे काम शेजारचे चौघे मिळून करत ते आता दोघे-तिघे करतात, आणि करतात म्हणून त्यांचे कौतुक होते. ज्याचे काम गुपचूप दुसऱ्याच्या अंगावर टाकले, त्याचे वजन वाचले असे म्हणण्याची जी प्रगल्भता प्रशासनाला यायला पन्नास-साठ वर्षे लागली, ती सायकलीच्या चाकाने एका मोसमात आत्मसात केली.

भूमितीही तितकीच प्रेरक आहे. रिमच्या परिघावर ३६ स्पोक असतील तर दोघांतले अंतर साडेपाच सेंटीमीटरच्या आत राहते. २० असतील तर ते जवळपास १० सेंटीमीटर होते, आणि १६ असतील तर १२. या मोकळ्या जागेत रिमला आधार देणारे कोणी नाही. खड्ड्याची कड नेमकी तिथे आली तर तिथे रिम आणि खड्डा यांची समोरासमोर, मध्यस्थाविना गाठ पडते.

इथे आपल्या रस्त्यांचा गौरवाने उल्लेख केला पाहिजे. त्यांच्याशिवाय ही चळवळ शोभेची राहिली असती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरचे डांबर बिचारे तिच्या तालावर नाचते. त्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू होतो. अशोकनगर घ्या, प्रवरानगर घ्या; महाराष्ट्राच्या सहकारातला पहिला साखर कारखाना १९५०मध्ये ज्या परिसरात उभा राहिला त्या परिसरात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत कोंबलेला ऊस, आणि मागे रस्त्यावर सांडत गेलेली कांडी हे दृश्य कोणाला नवीन नाही. पहाटेच्या अंधारात उसाचे आडवे पडलेले कांडे आणि २३ मिलिमीटरचा ताठ टायर यांची भेट ज्याने घेतली आहे त्याला चाकाच्या शास्त्रावर वेगळे व्याख्यान लागत नाही. आणि नगर-मनमाड महामार्गाविषयी आम्ही काय लिहावे? त्याच्यावर इतकी निवेदने, इतकी उपोषणे आणि इतकी रास्ता रोको आंदोलने झाली आहेत, की त्या रस्त्याला डांबरापेक्षा कागदाचाच थर जास्त बसला असेल.

अशा रस्त्यांवर २० स्पोकांचे चाक घालणे हा वेडेपणा आहे असे काहींना वाटते. आम्हाला त्यात नागरिकाचा विश्वास दिसतो. माणूस आपल्या घामाचे पैसे घालून असे चाक घेतो तेव्हा तो सार्वजनिक बांधकाम खात्याला न बोलता सांगत असतो: साहेब, तुम्ही रस्ता गुळगुळीत केला आहे असे मी मानून चाललो आहे. करदात्याने दाखवलेला इतका भाबडा भरवसा कोणत्याही खात्याने जपून ठेवावा असाच आहे.

युरोपातल्या व्यावसायिक स्वारांकडे हा विश्वास नाही. पॅरिस-रुबे ही अडीचशेपेक्षा जास्त किलोमीटरची शर्यत; त्यातले पन्नासेक किलोमीटर दगडी फरसबंदीचे. तिथले पट्टीचे स्वार, ज्यांच्या अंगावर चरबीचा कण नाही, ते या शतकातही कित्येक वर्षे त्या एका दिवसासाठी ३२ स्पोकांची जुन्या घाटाची चाके काढत. सत्तर किलोचा जगज्जेता दगड पाहून ३२ तारा घालतो आणि आपले ९२ किलोचे गृहस्थ नेवासा रोड पाहून २० घालतात. धैर्य कोणाचे मोठे, वाचकांनीच ठरवावे. त्या स्वारांच्या मागे चाकांनी लादलेली मोटार असते आणि हात वर केला की अर्ध्या मिनिटात दुसरे चाक मिळते, हेही लक्षात घ्यायला हवे. आपल्या स्वाराच्या मागे असतो तो भाचा, आणि तो रविवारी नऊच्या आत फोन उचलत नाही.

आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानेही या बाबतीत हात आखडता घेतलेला दिसतो. सामुदायिक शर्यतीच्या चाकात किमान १२ स्पोक हवेत असा त्यांचा नियम आहे, आणि सायकलीचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी नको असा दुसरा. सगळे जग वजन कमी करण्याच्या मागे असताना खालची मर्यादा घालणारी ही माणसे कोण, असा प्रश्न आपल्या ग्रुपवर एकदा चर्चेला आला होता. निषेधाचा ठराव होता होता राहिला. पोह्यांची ताटे आली.

चाक बांधणाऱ्या जुन्या कारागिरांचा एक ठोकताळा आहे. स्वार पासष्ट-सत्तर किलोच्या आत असेल, रस्ता चांगला असेल, तर पुढे २०, मागे २४ चालतील. ऐंशीच्या पुढे २४ आणि २८. नव्वदीत २८ आणि ३२; त्यावर सामान लादायचे असेल तर मागे ३६. मागच्या चाकात नेहमी जास्त, कारण वजन तिकडे जास्त, पेडलचा ओढा तिकडे, आणि गिअरच्या चकत्यांना जागा देताना दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही. एका बाजूच्या तारा तंबोऱ्यासारख्या, दुसऱ्या बाजूच्या जवळपास निम्म्या ताणाच्या. रिम खोल आणि ताठ असेल तर थोडी सूट मिळते. डिस्क ब्रेक असेल तर ती परत जाते, कारण मग ब्रेकचा पीळही हबमधून तारांवरच येतो. हे कोष्टक साधे आहे आणि त्यात स्वाराच्या आवडीनिवडीला काडीचाही वाव नाही. म्हणूनच ते लोकप्रिय झाले नाही. आपल्याकडे प्रचलित झालेले कोष्टक जास्त मानवी आहे: ज्याचे उत्पन्न जास्त त्याचे स्पोक कमी. पासष्ट किलोचा शाळामास्तर ३२ वर फिरतो, आणि ९२ किलोचे गृहस्थ २० वर. लोकशाहीत ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे मोडावे.

या चाकांमुळे समाजात जो जिव्हाळा वाढला आहे तो जवळून पाहण्यासारखा आहे. गेल्या हंगामात हरेगावकडून परतताना आमच्या डोळ्यांदेखत या गृहस्थांच्या मागच्या चाकातली तार गेली. आवाज मोठा नव्हता. सतारीची तार सुटावी तसा ‘टण्ण’ झाला. दोन फिरक्यांत रिम लचकायला लागली, ब्रेकच्या रबराला खस्सखस्स घासली आणि मग फ्रेमलाच टेकून थांबली. २४ तारांतली एक जाते तेव्हा शेजारच्या दोघींमध्ये वीतभर भगदाड पडते आणि समोरच्या बाजूची तार रिमला आपल्याकडे ओढून घेते. जुन्या चाकाला हे झाले असते तर गडी तुटकी तार शेजारणीला गुंडाळून घरी आला असता. इथे सगळ्यांनी सायकली आडव्या टाकल्या. कोणी निपलची चावी काढली, ती बसेना, कारण ही निपले आत लपलेली. एकाने सांगितले, की चेनकडची तार बदलायची तर आधी कॅसेट खोलावी लागते. दुसऱ्याने विचारले, कॅसेट खोलायचे हत्यार कोणाकडे आहे? ते घरी होते. ते वजनाला जड असते.

शेवटी कारखान्यावर ऊस ओतून रिकाम्या परतणाऱ्या ट्रॉलीने हात दिला. वर ऊसतोडीचे दोन गडी कोयते बाजूला ठेवून झोपले होते. ते सरकले, सायकल चढवली, गृहस्थ चढले. घट्ट काळी चड्डी, डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर केशरी काच; आणि खाली उसाची पाचट. त्यांतल्या बीडकडच्या एका गड्याने सायकल एका हाताने उचलून पाहिली आणि मनापासून म्हणाला, ‘‘लई हलकी हाय की, मालक.’’ गृहस्थांचा चेहरा खुलला. इतक्या पैशांत, इतक्या दिवसांत, त्या चाकाचे वजन प्रत्यक्ष हाताने जाणून दाद देणारा हा पहिला माणूस होता.

मेन रोडवरच्या मिस्त्रींकडे चाक गेले तेव्हाचा संवादही नोंदवून ठेवतो. मिस्त्रींनी चाक काट्यात बसवले, फिरवले, चिमट्याने रिमची कड पाहिली आणि चष्मा कपाळावर घेतला.

‘‘आउट काढून दिली असती, शेठ. पर ही चपटी तार आपल्याकडं नसती. डोक्याला वाक बी नाही हिच्या. पुण्याहून मागवावी लागंल.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘आली तर आठ दिवस. कंपनीनं माल बंद केला आसंल तर मग चाकच.’’

‘‘आणि तोवर?’’

मिस्त्रींनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका काळ्या सायकलीकडे पाहिले, पण ते समजूतदार आहेत. काही बोलले नाहीत. त्यांच्या डोक्यावर, खिळ्याला, साध्या १४ गेजच्या तारांचा जुडगा टांगलेला होता. गावातल्या निम्म्या चाकांना त्यातली कोणतीही तार चालते आणि ती चहाच्या पैशांत मिळते. अशी वस्तू असणे हे दुकानाच्या दृष्टीने किती तोट्याचे आहे ते निराळे सांगायला नको. उलट चपट्या तारेने कुरिअरवाल्याचा फेरा झाला, पुण्याच्या दुकानदाराचा व्यवहार झाला, मिस्त्रींची मजुरी झाली, आणि गृहस्थ आठ दिवस घरी राहिल्याने घरच्यांनाही त्यांचे दर्शन झाले.

आपण मात्र स्पोक कमी करण्याचा हा विचार केवळ सायकलीपुरता ठेवला आहे असे समजू नये. परिसर आपल्यापेक्षा बराच पुढे आहे. तलाठ्याकडे एक सजा होता, आता शेजारचे दोन जोडीला दिले आहेत. चाक फिरते आहे. वायरमनच्या हद्दीत गावे वाढली आणि वायरमन तेवढेच राहिले. वादळ येईपर्यंत कोणाचे काही अडत नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळणे, त्यातल्या एकाने मतदार यादीच्या कामाला जाणे, हे तर इतके मुरले आहे, की तिसरा शिक्षक नेमला तर पोरांना बसायला कोणाची तरी अडचण वाटेल. रस्त्याच्या बाबतीतही खडीचे थर, दबाईच्या फेऱ्या, कडेची गटारे अशा जुन्या काळच्या आधारांची छाटणी झाली आहे. नवा रस्ता उद्‌घाटनाच्या दिवशी, नव्या चाकासारखाच, सुंदर आणि सडपातळ दिसतो. हलक्या रस्त्यावर हलके चाक, असा जोड जमला आहे. यात स्वाराचे वजन तेवढे बसत नाही, पण तो दोष स्वाराचा.

याच भागातून जुन्या सायकलीवर अजून दूध येते, हे खेदाने नमूद करावे लागते. बेलापूर रस्त्याने सकाळी येणाऱ्या एका गवळीबुवांच्या मागच्या चाकात आम्ही परवा थांबवून मोजले तर तीन तारा गायब. त्यांना विचारले, बुवा, केव्हापासून? ते म्हणाले, ‘‘आसतील दोन वर्सं. दूध घ्यायचंय का?’’ बदलाला सामोरे न जाण्याची ही वृत्ती आहे. तीन तारा गेल्या तरी ज्याला थांबावे लागत नाही, आठ दिवस विश्रांती मिळत नाही, ट्रॉलीतून कोणी आपुलकीने आणत नाही, त्याच्या आयुष्यात सायकलिंगचा आनंद तरी कुठून येणार?

तरुण पिढीवर मात्र आमचा भरवसा आहे. येत्या दिवाळीत ग्रुपमधले आणखी चौघे जण १६ आणि २० स्पोकांची चाके मागवणार असल्याचे कळते. चौघांपैकी तिघे नव्वद किलोंच्या घरातले आहेत. चाके येतील तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात असेल, म्हणजे परतीच्या ट्रॉल्यांची ददात नाही.

यातून जे स्पोक वाचतील त्यांचे काय करावे, याविषयी एक नम्र सूचना नगरपालिकेपुढे आणि बांधकाम खात्यापुढे ठेवावीशी वाटते. पितळी निपले वगळता माणशी १२० ग्रॅमच्या हिशेबाने दहा सदस्यांचे सव्वा किलोच्या आसपास चांगले, गंज न धरणारे पोलाद शिल्लक पडते. काँक्रीटच्या रस्त्यांत सळई थोडी कमी पडते अशी कुजबुज गावात कधीमधी ऐकू येते. ती खरी असो वा खोटी, आमचे सव्वा किलो तिथे घालावे. पोच द्यायची गरज नाही. फक्त ते कोणत्या रस्त्यात घातले ते आधी कळवावे, म्हणजे रविवारी आम्ही दुसऱ्या बाजूने जाऊ.